वर्ल्ड कप नाही म्हणून मालदिनी लहान?

"वर्ल्ड कप न्हाई, मग ग्रेट कसला?" आमच्या फॉरवर्डनं परवा कट्ट्यावर बसता बसता ठिणगी टाकली. विषय पाओलो मालदिनीचा, म्हणजे इटलीच्या आणि मिलान क्लबच्या जुन्या बॅकचा (बचावातल्या खेळाडूचा). कोल्हापुरात असा विषय निघाला की चहा येईपर्यंत दोन पार्ट्या पडतात, तशा पडल्या.

मास्तर म्हणाले, "अरे, 1985 च्या जानेवारीत, 16 व्या वर्षी उदिनेसेविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि 2009 पर्यंत खेळला. मिलानसाठी 902 मॅच, सात वेळा लीग, पाच वेळा युरोपियन कप. क्लब बदलला नाही."

"क्लबचं ऱ्हाऊ द्या मास्तर. इटलीसाठी 126 मॅच खेळून हातात काय आलं? 90, 94, 98, तिन्ही वर्ल्ड कपला पेनल्टीवर घरी! आणि तिन्ही वेळा पेनल्टी मारणाऱ्या पाचांत ह्यो न्हाई. 98 ला तर कॅप्टन होता. 2000 च्या युरो सेमीला मारली, ती नेदरलँड्सच्या गोलकीपर व्हॅन डर सारनं अडवली."

हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मला राहवेना. म्हटलं, भावा, तू बॅकला फॉरवर्डच्या मापानं मोजतोयस. 94 ची फायनल आठव. मधल्या दोन बॅकपैकी कोस्टाकुर्टा सस्पेंड, बारेसी गुडघ्याच्या ऑपरेशनमधून नुकताच उठलेला. मालदिनी मूळचा लेफ्ट बॅक, तोही उजव्या पायाचा. त्याला मधे घेतला. समोर ब्राझीलचे रोमारिओ आणि बेबेतो. 120 मिनिटं, शून्य गोल. त्याच्या दोन महिने आधी अथेन्सला युरोपियन कपची फायनल झाली. तिथं तर बारेसी, कोस्टाकुर्टा दोघंही सस्पेंड. तेव्हाही मालदिनी मधे आणि बार्सिलोनाकडून हाच रोमारिओ, जोडीला स्टोइचकोव्ह. मिलान 4-0. म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्यात खतरनाक फॉरवर्डला दोन फायनलमध्ये खेळ चालू असताना एक गोल मिळाला नाही.

98 चंही तेच. क्वार्टर फायनलला फ्रान्स, त्यांच्याच देशात, 120 मिनिटं 0-0. पुढं कप त्यांनीच घेतला. दोन वर्ल्ड कपच्या विजेत्यांना ज्या डिफेन्सनं गोल दिला नाही, त्यातल्या बॅकनं आणखी काय करायचं?

"आणि कोरिया?" फॉरवर्डनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. 2002 चा वर्ल्ड कप, कोरियाच्या आन जुंग-ह्वानचा गोल्डन गोल (जादा वेळेत पहिला गोल झाला की मॅच तिथंच संपायची), मालदिनीच्या पुढ्यात उडी मारून घेतलेलं हेडर. तो बॉल त्याचाच होता, ह्यात वाद नाही. इटलीसाठी तीच त्याची शेवटची मॅच ठरली आणि चार वर्षांनी इटलीनं कप उचलला.

मास्तर मात्र 2007 वर आले. पुन्हा अथेन्सला युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूलवर 2-1, कॅप्टन मालदिनी, 39 पूर्ण व्हायला महिना बाकी. "ह्या वयात आपण गेटजवळ उभं राहून मॅच बघतो," असं म्हणून त्यांनी चहाचे पैसे दिले.

फॉरवर्ड शेवटी बॅलन डी'ओरवर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसावर गेला. 2006 ला इटलीच्याच बॅकला, कॅनाव्हारोला मिळाला, मालदिनीला कधीच नाही. मालदिनी 1994 आणि 2003 ला तिसरा आला. 94 ला पहिला स्टोइचकोव्ह. ज्याला अथेन्सला गोल करू दिला नाही, तोच! तो मान मालदिनीचा होता, यावर मी हटणार नाही. फॉरवर्डही हटला नाही.