डॉस बिल गेट्सनी लिहिलं नव्हतं, चूक माझीच

परवा फ्लॉपीच्या जमान्याच्या आठवणी लिहिताना मी ठोकून दिलं की एमएस-डॉस (मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) बिल गेट्सनी स्वतः लिहिलं, आणि आता तेच सगळ्या ग्रुपवर फिरतंय. तसं नाहीये हो. मूळ सिस्टीम टिम पॅटरसनची, सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत असताना १९८० साली ८०८६ प्रोसेसरसाठी लिहिलेली, नाव क्यूडॉस म्हणजे चक्क ‘झटपट, कामचलाऊ’ सिस्टीम (काय पण नाव!), नंतर त्याचं ८६-डॉस झालं. मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये सगळे हक्क विकत घेतले आणि ऑगस्टमध्ये आयबीएम पीसीसोबत ते बाजारात आलं. पॅटरसननी स्वतःच हे सविस्तर लिहिलंय, मी आधी वाचायला हवं होतं. पोस्ट काढलीये, स्क्रीनशॉट प्लीज फॉरवर्ड करू नका.