मोजणीचा पैसा वाया जातो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मानवी तस्करीविरुद्धच्या सरकारी प्रयत्नांवरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पाहण्या आणि अहवाल यांवरचा पैसा दलालांच्या धरपकडीवर खर्च व्हावा, हा पहिला. सक्तीच्या श्रमात अडकलेल्यांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१२ मधील २ कोटी ९ लाखांचा अंदाज २०१७ मध्ये ४ कोटी ३ लाखांवर गेला, म्हणजे हे आकडे भरवशाचे नाहीत, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. २०१७ च्या आकड्यात सक्तीच्या विवाहांचे १ कोटी ५४ लाख बळी प्रथमच धरले होते. सक्तीच्या श्रमाचा आकडा २ कोटी ४९ लाखच होता आणि अंदाज बांधण्याची पद्धतही बदलली होती. हा खुलासा मूळ लेखात यायला हवा होता, हे मला मान्य आहे.

आता पहिला आक्षेप. हा गुन्हा लपूनच चालतो, त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत जे येते ते हिमनगाचे टोक असते. ब्रिटनमध्ये २०१३ साली २,७४४ संभाव्य पीडितांची नोंद झाली होती. पोलीस, स्थानिक प्रशासन, स्वयंसेवी संस्था अशा वेगवेगळ्या याद्यांत तीच माणसे किती वेळा आढळतात, हे ताडून पाहिल्यावर खरी संख्या १० ते १३ हजारांच्या घरात असावी, असा अंदाज तिथल्या गृहखात्याने २०१४ मध्ये मांडला. दर चार-पाच पीडितांमागे जेमतेम एक जण यंत्रणेच्या नजरेस पडत असेल, तर नुसती धरपकड वाढवायची ती कुठे?

शिवाय समोर उभा असलेला माणूस पीडित आहे हे ओळखणेही शिकावे लागते. तपासणीला गेलेला अधिकारी विचारतो, “पासपोर्ट कुठे आहे?” उत्तर येते, “मालकांकडे, सांभाळायला दिलाय.” पगार? “प्रवासाचं कर्ज फिटलं की मिळेल.” अंगावर मारहाणीची खूण नाही, दाराला कुलूप नाही, माणूस स्वतःच्या मर्जीने आल्याचे सांगतो. अडकवून ठेवलेली कागदपत्रे, रोखलेली मजुरी आणि न फिटणारे कर्ज ही सक्तीची लक्षणे आहेत, हे त्या अधिकाऱ्याला कुणीतरी अभ्यास करून शिकवलेले नसेल, तर तो त्या मजुरालाच बेकायदा स्थलांतरित म्हणून कोठडीत टाकतो आणि दलाल मोकळा राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो शिष्टाचारानुसार (म्हणजे मानवी तस्करीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार) फसवणूक किंवा धाक असेल तिथे पीडिताची संमती ग्राह्य धरली जात नाही, आणि मुलांच्या बाबतीत तर फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नसते. पण ही तरतूद त्या दारापर्यंत पोहोचवावी लागते.

अहवाल निघतात आणि सुटका झालेल्या माणसाला निवारा मिळत नाही, हा आपला संताप मात्र रास्त आहे. त्याच शिष्टाचारात तस्करीला गुन्हा ठरवणे राष्ट्रांवर बंधनकारक आहे, पण पीडितांच्या निवाऱ्याचा, उपचारांचा आणि रोजगाराचा राष्ट्रांनी केवळ “विचार करावा”, इतकीच अपेक्षा आहे. पैसा कुठे कमी पडतो याचा जाब विचारायचा असेल, तर मी तो या कलमापाशी विचारेन.