मूठ नसलेला माणूस आणि चकलीचा डबा

दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे दापोलीला गेले आणि मी एकटा कोथरूडला मागे राहिलो, याला कारण एक डास. तोही गटारातला नव्हे. हा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसाढवळ्या चावतो. घरातल्या मनी प्लांटच्या बाटलीतलं पाणी बदलायचं काम माझ्याकडे आहे, ही माहिती बायकोने डॉक्टरांना न विचारताच पुरवली.

ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र तीन आठवड्यांनंतरही रुसलेलेच. चिकनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. अर्थ, ‘वाकवून टाकणारा’. १९५२ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ही साथ पहिल्यांदा नोंदली गेली आणि त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. म्हणजे हा रोग आणि त्यावर अभ्यास करणारे पुणेकर एकाच वयाचे. तरी खास औषध नाहीच. पॅरासिटामॉल, पाणी आणि पडून राहणं.

दापोलीचं बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळणार नाहीत, हे कळलं त्या संध्याकाळी माझी तब्येत घरातल्या सगळ्यांना एकदम सुधारलेली वाटायला लागली. “राहशील ना एकटा?” बायकोने विचारलं. मी चेहरा शक्य तितका पाडून “राहीन” म्हणालो. आतल्या आत मात्र भुईनळा उडाला होता. घर माझं, रिमोट माझा आणि बाहेर दिवाळीतलं रिकामं पुणं! कर्वे रस्ता देवाचं नाव न घेता ओलांडता येतो असे वर्षातले हे चारच दिवस.

पण एकटं राहायला मूठ लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लॅचची किल्ली फिरवायला मूठ, नळाला मूठ, टूथपेस्ट पिळायला मूठ. चहाचा कप मी तीर्थ घेतल्यासारखा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पीत होतो. रोज रात्री व्हिडिओ कॉल. त्यात फार आजारी दिसलो तर मंडळी परत येतील आणि फार बरा दिसलो तर ‘मग आला का नाहीस?’ हे पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकावं लागेल. मी बेताचा आजारी दिसायचो. मागे सुरमई तळल्याचा आवाज ऐकू येत असताना हे सोपं नसतं.

“फराळ खातोस ना?”

“खातोय की.”

साफ खोटं. चिवडा प्लॅस्टिकच्या बरणीत होता, तो दोन दिवसांत संपला. उरला चकलीचा स्टीलचा डबा. सासूबाईंच्या भाजणीच्या चकल्या. जाताना बायकोने त्याच्या झाकणावर तळहाताचा असा दणका घातला होता की भांड्यांची मांडणी हादरली. मी चमच्याचा दांडा घालून पाहिला, टॉवेल गुंडाळून पाहिला, गरम पाणी ओतून पाहिलं. डबा हलवला की आत चकल्या खुळखुळायच्या.

पाडव्याला सकाळी मी मदत शोधायला निघालो. समोरचे सोलापूरला, वरचे बेळगावला, वॉचमन त्याच्या गावाला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तेवढे होते. त्यांनी माझी चाल पाहूनच ओळखलं. “चिकनगुनिया? मी २००६ चा,” ते म्हणाले, इंजिनीअरिंगची बॅच सांगावी तसं. मग डबा हातात घेऊन, उलटसुलट पाहून त्यांनी तो आदराने परत केला. “हे आपल्या लोकांचं काम नाही.”

डेक्कनला माझा एक मित्र राहतो. जिमला जातो, निदान पैसे तरी भरतो. ठरवलं, मेट्रोने त्याच्याकडे जायचं. तेवढीच सहल. संभाजी उद्यान आणि डेक्कनच्या स्टेशनांची पगडीसारखी छपरं, खाली मुठा नदी, आणि सगळं बसल्या जागी! शिवाय आनंदनगर स्टेशनाला लिफ्ट आहे. माझ्या गुडघ्यांच्या दृष्टीने हेच तिथलं मुख्य प्रेक्षणीय स्थळ.

पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर काटेरी तारेची भेंडोळी दिसत होती.

“डब्यात काय आहे?”

“चकली.”

“उघडून दाखवा.”

“साहेब,” मी म्हणालो, “उघडता आला असता तर मी घरीच नसतो का?”

आजारी माणसाचं खरं बोलणं किती संशयास्पद वाटतं, ते मला तेव्हा कळलं. मी दोन्ही हात पुढे करून न मिटणारी बोटं दाखवली. त्याने तर प्रकरण आणखीच वाढल्यासारखं दिसायला लागलं.

“द्या इकडे,” मागून आवाज आला. रांगेतल्या एका काकूंनी डबा काखेत दाबला आणि एका हिसक्यात झाकण काढलं. तिळाचा, ओव्याचा, भाजणीचा तो खमंग वास! रक्षकाने आत डोकावून मान हलवली. मी बोटं पुढे केली.

“आत खायला परवानगी नाही,” रक्षक म्हणाला.

“आणि उघडी राहिली तर मऊ पडेल हो,” असं म्हणत काकूंनी झाकण लावलं आणि त्यावर तळहाताचा दणका घातला. ओळखीचा दणका. मग डबा माझ्या पिशवीत ठेवून त्या वनाझच्या फलाटाकडे निघाल्या.

डेक्कन वनाझच्या बरोबर उलट दिशेला आहे. मी काकूंच्या मागोमाग वनाझच्या गाडीत चढलो.