बॉट अ‍ॅडमिन झाला, आप्पा राहिले

समोरच्या फ्लॅटमधल्या आप्पांनी आज सकाळपासून माझ्याशी बोलणं सोडलंय. का, तर माझा बॉट ग्रुपचा अ‍ॅडमिन झाला आणि ते झाले नाहीत.

लातुरातल्या आमच्या बिल्डिंगचा बोअर मार्चमध्येच हवा ओकायला लागतो. मग ग्रुपवर दिवसभर एकच प्रश्न: "टँकर कधी?" टँकरवाल्याचा नंबर माझ्याकडं, म्हणून उत्तरही मीच द्यायचं. सासऱ्यांच्या तेराव्याला पानावर बसूनही दिलंय. शेवटी ठरवलं, टेलिग्रामवर बॉट करायचा, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम; तो देईल उत्तरं. पुतण्या म्हणाला, "काका, दहा मिनिटांचं काम." (या पिढीच्या दहा मिनिटांवर कधीतरी वेगळं लिहीन.)

रविवारी आप्पा पेपर न्यायला आले ते खुर्ची ओढून बसलेच. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दुसऱ्याच्या हातात काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नाही.

"काय करायलाव?"

"बॉट."

"कोणतं बोट? लागलं का काय?"

सगळं समजावलं. नवा बॉट काढायचा तर आधी बॉटफादर नावाच्या बॉटलाच मेसेज करावा लागतो, हेही सांगितलं.

"म्हंजी बापाची सही लागती म्हना."

"युजरनेमच्या शेवटी बॉट पाहिजेच, आप्पा."

"आडनाव झालं की ते. जात इचारत न्हाई ना? मग बरंय."

तेवढ्यात बॉटफादरनं टोकन दिलं. आकडे आणि अक्षरांची वीतभर माळ. टोकन म्हटल्याबरोबर आप्पा सावध झाले. "आपला नंबर कितवा?" मी म्हणालो, हे रांगेचं टोकन नव्हे, हे ज्याच्या हातात त्याच्या हातात बॉट, म्हणून कुणाला दाखवायचं नसतं. इथंच चुकलो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात 'दाखवायचं नसतं' म्हणू नये. "लपवलेली टोकनं म्या लई बघितल्यात," एवढंच बोलून ते गप्प बसले. मी चहा सांगायला आत गेलो, तर त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला: "टँकरचे टोकन आले आहे. सर्वांनी लाभ घ्यावा."

लाभ दुसऱ्या मजल्यावरच्या बीसीएच्या पोरानं घेतला. रात्री आठला माझ्याच बॉटनं जाहीर केलं की आज माझ्याकडं सगळ्यांना मटण आहे. दोघांनी सुकं का रस्सा, असं विचारलं. एक डबा घेऊन आलाही. मी बॉटफादरचे पाय धरून जुनं टोकन रद्द केलं, नवं घेतलं. आप्पा चुकलो म्हणाले का? नाव नको.

पण ग्रुपमध्ये बॉट मुका. नव्या बॉटला ग्रुपमधलं सगळं बोलणं ऐकू येत नाही. तिरपी रेघ मारून आज्ञा दिली तरच ऐकतो, आणि ती आज्ञा इंग्रजी अक्षरांतच लागते. आमच्या ग्रुपचं सरासरी वय बघता ती रेघ कीबोर्डवर सापडेपर्यंत टँकर येऊन, रिकामा होऊन, परत गेला असता. बॉटला अ‍ॅडमिन केलं की मात्र तो सगळं ऐकतो. केलं.

"दोन वर्सं झाली मागायलोय," आप्पा दारात उभं राहून म्हणाले, "आन कालच्या बोटाला अ‍ॅडमिन?"

"तो फक्त ऐकायला, आप्पा."

"म्या काय बहिरा हाव?"

याला उत्तर नव्हतं. तसं 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीत वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकानं एलायझा केली होती, माणसाशी गप्पा मारणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. ती माणसाचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायची आणि लोक तिच्यापाशी मन मोकळं करायचे. आमच्या ग्रुपवर हेच काम तीन मेंबर विनावीज करतात. माझा बॉट मात्र घरच्या कॉम्प्युटरवर चालतो; लाईट गेली की तोही गेला.

काल लाईट होती. 'पाणी' किंवा 'टँकर' दिसलं की वेळ सांगायची, एवढंच त्याला शिकवलेलं. रात्री पहिल्या मजल्यावरच्यांनी लिहिलं, "आजी गेली. तोंडात पाणी घालायलाही वेळ मिळाला नाही." खाली लगेच बॉट: "उद्या सकाळी 7 वाजता."

मी रात्री अकराला जाऊन हात जोडून आलो. आप्पा तिथं होतेच. "करा अजून अ‍ॅडमिन," म्हणाले. ते शेवटचं बोलणं.

आज टँकर सातला आलाच नाही. दहा वाजता आप्पांचा मेसेज आला, मला नाही, बायकोला: "सूनबाई, ह्यांना इचारा, टँकर कधी?"