देवनागरीत पोस्ट लिहिणं जड जातं, हे खरं नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतो: मराठी पोस्ट इंग्रजी अक्षरांत टाका. देवनागरी जागा खाते, टाइप करायला वेळ लागतो, फोनवर नीट दिसत नाही, आणि अर्थ तर कसाही कळतोच.

जागेचं आधी बघू. ‘पाणी येणार नाही’ काना, मात्रा, वेलांटी आणि मोकळ्या जागा धरून 15 चिन्हांचं भरतं. इंग्रजी अक्षरांत रोजच्या स्पेलिंगनेही 15च. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) 280ची मर्यादा देवनागरीलाही तेवढीच; दुप्पट मोजली जातात ती चिनी-जपानी अक्षरं. एसएमएसपुरतं मात्र म्हणणं बरोबर आहे: इंग्रजीत 160, देवनागरीत 70.

वेळेचं म्हणाल, तर फोनवरच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी जोडताना इंग्रजी अक्षरांवरून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड निवडा. बोटांची सवय तीच राहते. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड-रचना असेल तर ‘ळ’ शिफ्ट-एनवर आहे. ‘पायऱ्या’तला ‘ऱ्या’ हवा तर शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. इथे शिफ्ट विसरलात की रफार येतो आणि ‘पायर्या’ होतं. ही चूक फार दिसते.

फोनवर मजकूर बिघडतो तो बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले संकेत) नसलेल्या फॉन्टमुळे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या फॉन्टमध्ये केलेली नोटीस कॉपी करून ग्रुपवर टाकली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा उमटतो. तो मजकूर आतून देवनागरी नव्हताच, फॉन्ट त्याला तसा दाखवत होता. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरं तपासा, मग टाका.

आणि अर्थ? इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ‘जिन्याखालची जी-ए-डी-आय आज हलवा’ असं आलं तर गाडी हलवायची की गादी? ड आणि द, ट आणि त, ल आणि ळ, सगळे एकाच अक्षरात कोंबले जातात. वागळे इस्टेटमधला गाळा आणि दुखणारा गळा यांचं स्पेलिंगही एकच होतं. वाचणारा संदर्भावरून सावरून घेतो खरा, पण नोटिशीत संदर्भ असतो जेमतेम एका ओळीचा.

शोधतानाही तेच. ‘घोडबंदर’ देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहितात. इंग्रजी अक्षरांत कोणी मध्ये ‘यू’ घालतं, कोणी ‘ए’, आणि मागच्या महिन्यातली वाहतूक बदलाची सूचना शोधणाऱ्याला दोन्ही स्पेलिंगं टाकून बघावी लागतात.