पेरा आपल्या मर्जीनं

मृग निघाला की आपल्याला इच्छास्वातंत्र्य आहे की नाही, याचा एकदाचा निकाल लावून टाका. सेलूच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानात उभे राहा आणि स्वतःला विचारा: सोयाबीन की कापूस?

फक्त गाढव होऊ नका. दोन सारख्याच गंज्यांपैकी कुठली खावी याला कारण सापडेना म्हणून उपाशी मेलेलं गाढव चौदाव्या शतकातल्या बुरिदान नावाच्या फ्रेंच पंडिताच्या नावावर आहे. (त्याच्या लिखाणात ते कुठंच नाही, बिचाऱ्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याच कुणी चढवलंय.) तुमच्यावर ती वेळ यायची नाही. दुकानदार म्हणेल, "काय पेरायचं ते तुम्हीच ठरवा मालक, आमचं काय!" बोलता बोलता तो वहीतली मागची बाकी दाखवील आणि उधारीत मिळणारी एकच पिशवी पुढं सरकवील. ती उचला. घरी सांगा, "लई विचार करून घेतलं."

पिकलं तर ही आपली अक्कल. भाव पडला की बेंजामिन लिबेटला साक्षीला काढा. या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये दाखवलं, की माणूस वाटेल तेव्हा मनगट हलवतो तेव्हा मेंदूची तयारी साधारण अर्धा सेकंद आधी सुरू झालेली असते. "हलवावं" हे त्याला कळतं जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे सोयाबीन मेंदूनं घेतलं, तुम्ही नुसते हमाल. मनगट वेगळं नि पेरणी वेगळी, असं कुणी म्हणालंच तर त्याला चहा पाजा.

शेजाऱ्याला मात्र ही सवलत नको. त्याच्या कपाशीवर बोंडअळी पडली की पारावर बसून म्हणा, "कोण सांगितलं होतं लावायला? सोताच्याच मर्जीनं लावला ना?"

विवेकानं घालून घेतलेला नियम पाळतो तोच स्वतंत्र, असं जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो. आपल्याकडं नियम तयारच आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो जरूर पाळा. सगळं गाव पहिल्याच सरीला तिफणी घेऊन निघालं, की तुमचा विवेक बांधावर तंबाखू मळत बसेल.

लिबेटनं एक मुभा ठेवली होती: सुरू झालेली हालचाल ऐनवेळी रोखता येते. वापरायची तर पिशवीला हात लावायच्या आधी वापरा. मागं रांगेतले आबा म्हणतीलच, "उचला की लवकर, आभाळ भरून यायलंय."