फुकट, आयता आणि तरीही त्रासाचा

फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर करणं वाईट, आणि ती फुकट वस्तू कोणीतरी आयती तयार करूनही दिली असेल तर फारच वाईट. त्यामुळे आयत्या कंपायलरबद्दलची खालची कुरकुर शक्य तितक्या कृतज्ञतेने केलेली आहे, असं समजावं.

काम साधं होतं. रिस्क-फाइव्ह या आर्किटेक्चरची, म्हणजे त्या सूचना समजणारी, ३२ बिटी चिप असलेला एक छोटा बोर्ड होता आणि त्यावरचा दिवा लुकलुकवायचा होता. त्यासाठी लागतो क्रॉस कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा, पण चालणार माझ्या लॅपटॉपवर आणि कोड बनवणार त्या चिपसाठी. सोर्सपासून बांधायचा तर काही जीबी डाउनलोड, लॅपटॉपच्या पंख्याचा आक्रोश आणि तास-दोन तासांनी शेवटच्या टप्प्यावर एखादी लायब्ररी नसल्याचा शोध. म्हटलं, आयताच घेऊ.

आयते तर ढिगाने आहेत. पण नावं बघा: ‘रिस्कव्ही६४-अननोन-एल्फ’, ‘रिस्कव्ही३२-अननोन-एल्फ’, ‘रिस्कव्ही-नन-एल्फ’, ‘रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू’. लिनक्सवाले बाद, कारण माझ्या चिपला लिनक्स झेपणार नाही. चिप ३२ बिटी म्हणून मी ३२ कडे हात नेला, तेवढ्यात शेजारच्या सहकाऱ्याने अडवलं.

“अरे, ६४ वाला घे.”

“माझी चिप ३२ आहे.”

“म्हणूनच सांगतोय. ६४ वाला ३२ पण करतो.”

“मग ३२ वाला काय करतो?”

“तो कोणी कसा बांधलाय, त्यावर आहे.”

आणि हे खरं निघालं. नावातला आकडा फक्त काही सांगितलं नाही तर कंपायलर काय धरून चालेल तेवढं सांगतो. बाकी सगळं ‘एम-आर्च’ ऊर्फ ‘मार्च’ (चिपला कुठल्या सूचना येतात) आणि ‘एमएबीआय’ (फंक्शनांनी एकमेकांना आकडे कसे द्यायचे) या दोन ऑप्शन्सवर चालतं.

या भानगडीचं मूळ मोकळेपणात आहे. २०१० साली बर्कलीला हे आर्किटेक्चर सुरू झालं तेच कोणीही वापरावं, परवानगी मागू नये, या बोलीवर. पायाभूत ३२ बिटी संचात जेमतेम चाळीस सूचना. पुढे हवी ती अक्षरं जोडत जा: गुणाकार-भागाकार हवा तर एम, अटॉमिक (मध्येच न तुटणारी) कामं हवी तर ए, अपूर्णांक हवे तर एफ आणि डी, कोड आखूड हवा तर सी. चिप बनवणारा खूश. पण प्रत्येक अक्षरजोडीसाठी सी लायब्ररीची (सी भाषेच्या तयार फंक्शनांच्या संचाची) वेगळी प्रत लागते, आणि आयती टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या सोबतची हत्यारं, बांधणाऱ्याने त्यातल्या कुठल्या प्रती आत ठेवल्या हा सर्वस्वी त्याच्या मर्जीचा प्रश्न. तुमची जोडी त्यात नसली की तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो, सॉफ्ट-फ्लोट (अपूर्णांकांचं गणित सॉफ्टवेअरने) आणि डबल-फ्लोट (तेच चिपमध्ये) एकत्र जोडता येणार नाहीत. ज्या प्रोग्रॅममध्ये एकही अपूर्णांक नाही त्याला हे ऐकवलं जातं! तेव्हा माझं मत असं, की टूलचेन उतरवल्यावर पहिल्यांदा कंपायलरला ‘प्रिंट-मल्टी-लिब’ हा ऑप्शन देऊन आतल्या प्रतींची यादी वाचावी. वेबपानावरची स्तुती नंतर.

एका लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधून घेतलेल्या कंपायलरने ‘एसटीडीआयओ’ हेडर (सी लायब्ररीतली एक नेहमीची फाइल) सापडत नाही म्हणून सांगितलं. कंपायलर होता, सी लायब्ररी नव्हती. ती वेगळ्या पॅकेजमध्ये. बरोबरच आहे म्हणा, कंपायलर मागितला, कंपायलर दिला.

मग ‘झी-सीएसआर’. चिपची कंट्रोल रजिस्टर वाचणाऱ्या सूचना आधी आय या पायाभूत अक्षरातच धरल्या जात. २०१९ च्या स्पेसिफिकेशनने त्यांना ‘झी-सीएसआर’ नावाचं वेगळं घर दिलं, आणि २०२२ मध्ये आलेल्या बिनयुटिल्स २.३८ ने (टूलचेनमधला असेंब्लर-लिंकरचा संच) तेच स्पेसिफिकेशन प्रमाण मानलं. परिणाम असा, की वर्षानुवर्षं बिनतक्रार जुळणारा असेंब्ली कोड एके दिवशी ‘एक्स्टेन्शन झी-सीएसआर आवश्यक’ म्हणून अडून बसला. ठीक आहे, ‘मार्च’ला शेपूट जोडलं. आता जुनी टूलचेन विचारते, हे ‘झी’ काय प्रकरण आहे? नवीला ते नसलं तर चालत नाही, जुनीला असलं तर चालत नाही, आणि मेकफाइल (बांधणीच्या आज्ञांची फाइल) एकच.

शेवटचा उपाय म्हणजे चिपवाल्या कंपनीने स्वतः दिलेली टूलचेन. त्यातला कंपायलर, म्हणजे जीसीसी, आजोबांच्या वयाचा, पण त्यात कंपनीने इंटरप्टसाठी (चालू काम थांबवून करायच्या तातडीच्या कामासाठी) स्वतःचं खास ॲट्रिब्यूट, म्हणजे फंक्शनवर लावायची खूण, घातलेलं. तोच कोड मूळ जीसीसीला दिला की तो एक बारीकशी वॉर्निंग देतो आणि ॲट्रिब्यूटकडे दुर्लक्ष करतो. मग इंटरप्ट फंक्शन इंटरप्टमधून परतायच्या ‘एम-रेट’ सूचनेऐवजी साध्या ‘रेट’ने परततं. दिवा एकदा लागतो आणि तसाच लागलेला राहतो. वॉर्निंग वाचत जा असं लोक सांगतात, पण ती त्या कंपनीच्याच हेडर फायलींतून आलेल्या दोनशे वॉर्निंगांच्या मधोमध असते हे सांगत नाहीत.

अखेर मी एक बऱ्यापैकी नवी, आवृत्ती क्रमांक असलेली टूलचेन निवडली आणि ते ॲट्रिब्यूट सरळ मूळ जीसीसीला कळणारं ‘मशीन’ करून टाकलं. रोज रात्री आपोआप बनणाऱ्या बांधण्या टाळल्या. आज चांगली चाललेली उद्या त्याच जागी सापडेल याची खात्री काय? निवडलेलीची संपूर्ण कॉम्प्रेस केलेली फाइल स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवली आहे आणि पाथमधून (लॅपटॉप प्रोग्रॅम शोधतो त्या जागांच्या यादीतून) बाकीच्या सगळ्या हाकलल्या आहेत.

दिवा लुकलुकू लागला. सहकारी बघायला आला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “जीसीसीऐवजी क्लँग हा कंपायलर का नाही घेतलास? एकच बायनरी, सगळी टार्गेट्स आत. हे निवडायचं लफडंच नाही.”

खरंच, हे डोक्यातच आलं नव्हतं. “आणि सी लायब्ररी?” मी विचारलं.

“ती त्यात नाही येत. तिच्यासाठी जीसीसीची एखादी आयती टूलचेन उतरवून घे ना.”